यंदाचं वाण

घणसोलीत, माथाडींच्या वसाहतीत,
दुसऱ्या मजल्यावर माझं हळदीकुंकू.
मागच्या वर्षी प्लास्टिकचे डबे दिले,
त्याआधी चहाच्या गाळण्या.
यंदा तिळगुळाच्या पुडीखाली एक कागद,
स्टेशनसमोर झेरॉक्स काढलेला,
चाळीस प्रती, ऐंशी रुपये.

शेलारकाकूंनी उलटापालटा करून पाहिला.
"काय गं उज्वला, बचत गटाचं का?"
नाही म्हटलं, कार्तिकीचं.

जिन्यात ती ताठ होते ते तुम्ही पाहिलंय.
कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडला,
आमच्या घरी कांद्याला काय तोटा,
नवरा मार्केटात त्याच गोण्या वाहतो.
म्हात्रेबाईंनी गावदेवीला नारळ बोलला.
तो मी फेडला, झटके थांबले नसतानाही.

ही वही बघा. एका झटक्याला एक ठिपका.
श्रावणातला हा आठवडा, एकोणतीस.
पानाला गोवर आल्यासारखं दिसतं.
चार औषधं बदलली.
चौथ्याने पोरीचं हसूच पुसलं.

मग नेरूळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"एक अर्क आहे, भांगेच्या झाडाचा, पण..."
त्या पणच्या पुढचं मला ऐकूच आलं नाही.
घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.
पन्नास किलोची गोणी उचलून
जिना चढणारा माणूस,
एका शब्दाखाली मटकन बसला.
"पोलीस येतील दारात."

मेढ्याहून सासूबाईंचा फोन आला.
मी घाबरत घाबरत सांगितलं.
त्या म्हणाल्या,
"शिवरात्रीला देवळामागं घोटत्यात,
तवा ती प्रसाद.
माझ्या नातीला चार थेंब दिलं तर गुन्हा व्हय?
दे तू."

मी लगेच दिलं नाही.
आधी कायदा वाचला, दहावी शिकलेल्या बाईने
बोट फिरवत, तीनदा.
शेंड्याचा फुलोरा तो गांजा,
झाडाची राळ ती चरस.
नुसतं पान त्यात धरलेलं नाही.
वैद्यांच्या पुस्तकात त्याला विजया म्हणतात.
चिठ्ठी लागते, बिल लागतं,
बाटलीवर परवान्याचा नंबर लागतो.
कुणी पाठीमागच्या गल्लीत पुडी देईल,
ती घेऊ नका, कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलंय.
चालू गोळ्या मनाने बंद करू नका, तेही लिहिलंय.
आमच्या डॉक्टरीणबाई आणि वैद्य
एकमेकांशी फोनवर बोलले.
मला तोच अर्धा चमत्कार वाटला.
लिव्हरची तपासणी दर महिन्याला, त्याचा खर्च वेगळा.

मी खोटं सांगणार नाही.
मागच्या आठवड्यात आठ ठिपके आहेत.
शून्य नाहीत.
वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा मुलगा होता, प्रथमेश,
त्याला काहीच फरक पडला नाही.
त्याची आई मला अजून फोन करते,
आणि मी काय बोलावं ते मला कळत नाही.
पण कार्तिकीने परवा
"आई, चपाती जळाली" म्हटलं.
पूर्ण वाक्य.
मी जळकी चपाती तशीच खाल्ली.

कुणी काही बोललं नाही.
कुणीतरी उखाण्याचा विषय काढला.
एक-दोघींनी कागदाला हात पुसले,
हळदीचे पिवळे ठसे त्यावर.
सगळ्या गेल्यावर सतरंजी झटकली,
तर अकरा कागद निघाले.

नऊ वाजता बेल वाजली.
पहिल्या मजल्यावरची नाझनीन.
तिला मी बोलावलं नव्हतं.
हळदीकुंकवाला कसं बोलवायचं, म्हणून,
किंवा मी विचारच केला नव्हता म्हणून.
तिच्या हातात आमचा कागद, चुरगळलेला,
जिन्यात पडलेला सापडला म्हणाली.
"मुंब्र्याला माझा भाऊ आहे.
हातपाय इतके आखडतात, रात्रभर ओरडतो.
यात ते लिहिलंय का?"

नाही, त्याचं लिहिलेलं नव्हतं.
मी तिला आत घेतलं.
डॉक्टरीणबाईंचा नंबर शोधेपर्यंत
ती कार्तिकीच्या उशाशी बसली,
आणि वही उघडून, मला न विचारता,
एकेक ठिपका मोजत राहिली.