गगनबावड्यात मुक्काम

करूळ घाट बंद. रस्त्याचं काम.
तीन दिवस गाडी उभी आहे
करवंदीच्या जाळीपाशी, कड्यापासून वीस पावलांवर.
उद्यमनगरात मिरजकर मिस्त्रींनी
जुन्या टेम्पोत बसवून दिलेला पलंग
वाऱ्याच्या प्रत्येक धक्क्याला कुरकुरतो.

टपावर लाटांवरची फळी, दोन दोऱ्यांनी आवळलेली.
चहावाल्या तानूबाईंनी विचारलं,
"एवढ्या लांब फळीवर कुणाची इस्त्री करताय?"
हिच्यावर उभं राहायचं असतं, म्हटलं. समुद्रात.
"पडत न्हाई?"
पडतो की. दर वेळी.
त्यांनी साखर जरा जास्तच घातली.

चैत्रातला वारा खालून चढतो, कोकणातून,
भाजावळीचा धूर आणि
कसलासा ओलेपणा घेऊन.
रात्रभर दोऱ्या वाजतात.
मी अंधारात ओठ चाटून बघते: खारट.
घाम असेल.

आज पहाटे वारा पडला.
दरी धुक्यानं काठोकाठ.
सर्जेरावनं फळी उतरवली,
वाळल्या गवतावर टाकली,
आणि पालथा पडून हात मारू लागला
कड्याकडे तोंड करून.
तानूबाई किटली घेऊन तशाच उभ्या.
"आलं का पाणी?"

"यायलंय," तो म्हणाला,
मान वर न करता.