पंधरा किलो

माझं काम वजनाचं.
माणसं, सागूच्या पिठाची पोती,
कधी पाय बांधलेलं डुक्कर, कधी होडीचं इंजिन,
सगळं या एकाच गंजक्या काट्यावर चढतं
आणि मी खडूने पाटीवर लिहितो.
विमान आठवड्यातून एकदा येतं.
त्याला आम्ही बालुस म्हणतो,
कबुतरालाही तेच.

हवा मात्र कोणी माझ्याकडे मोजायला आणत नाही.

त्या दिवशी पुरारीच्या मुखाशी वाराच नव्हता.
काडेपेटीतल्या काड्यांचा गुल बोटाला लागत होता,
सदरा वाळत घातला तसाच अंगात घातला.
मी म्हणालो, "रावू, आज हवा फार जड आहे."
तो पंख्याच्या पात्यावर तळवा ठेवून उभा होता.
"जड नाही, हलकी आहे," म्हणाला.
"तेच तर दुखणं."

मग एका जुन्या पावतीच्या पाठीवर
त्याने मला गोळे काढून दाखवले.
कोरड्या हवेचे कण : अठ्ठावीस, बत्तीस.
वाफेचा कण : अठरा.
वाफ आत येते ती कुणालातरी उठवून
त्याच्या जागेवर बसते,
आणि उठतो तो तिच्याहून भारीच असतो.
पंखाला मग टेकायला कमी,
पात्याला चावा घ्यायला कमी,
इंजिन घोट भरतं तर त्यात पाणीच,
जळायला लागतं ते उणं.
आपण उभे समुद्राच्या पायरीशी,
आणि त्या बिचाऱ्याला वाटतं डोंगरावर आलो.

"फरक तो किती?"
"उन्हाने पडतो त्यापुढे चिमूटभर.
पुस्तकातल्या तक्त्यात याला रकानासुद्धा नाही."
त्याने धावपट्टीकडे पाहिलं.
ओलं गवत. टोकाला खारफुटी.
"आज चिमूट म्हणजे पंधरा किलो."

पाटीवर होतं :
एवोआ, आठवा महिना, पाय सुजलेले, एकसष्ट.
हाइवेता, तिचा नवरा, सत्तर.
सासू, अठ्ठेचाळीस.
सुपारीची गोण, पंधरा.

सगळ्यांनी गोणीकडे पाहिलं.
हाइवेताने तिच्यावर हात ठेवला, बोलला काहीच नाही.
राजधानीत एका गोणीचे किती होतात
हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

म्हातारी आपणहून उतरली.
"सुपारी जाऊ दे," म्हणाली,
"माझ्याकडे बघून कोण औषध देणार आहे?"
सुनेच्या पोटावर तिने एकदा हात फिरवला,
मग चपला दारातून खाली टाकल्या
आणि त्यांच्यामागे स्वतः.

बालुस धावलं.
अर्धी पट्टी संपली तरी चाकं गवतातच.
मी खांब मोजत होतो, पुढे मोजणं सोडलं.
शेवटी, शेवटीच,
त्याने जमीन सोडली, तेही नाखुशीने,
खारफुटीचे शेंडे मागे हलत राहिले.

म्हातारी म्हणाली, "वाफ म्हणजे पाणीच ना रे?
मग मी नदीवरून आणते ते
मला हलकं का नाही लागत?"
मला सांगता येईना.
मी तिला गोळे काढून दाखवले,
एक फारच मोठा झाला.
ती हसली, चपला हातात घेऊन गेली.

संध्याकाळी पाटी पुसली.
खडू ओला, फडकं ओलं,
अठ्ठेचाळीस
तेवढं दिसतच राहिलं.