हातगुण

एकूण शोधनिबंध एकशे चार.
सायटेशन दोन हजार तीनशे एकोणसाठ.
एच-इंडेक्स तेवीस.
पुढचा रकाना: संशोधनाचा प्रभाव, दोनशे शब्दांत.

खिडकीखाली मोर ओरडतोय.
विद्यापीठात मोर उदंड. त्यांना मार्चअखेर नाही.

सगळ्यात जास्त उद्धृत झालेला माझा पेपर
खरं तर सर्जेराव चौगुल्यांच्या चुलवाणातला.
वडणग्याचं गुऱ्हाळ, जानेवारीची पहाट,
काहिलीत रस फुगून आलेला, वर मळी,
आणि ते सहज म्हणाले,
ही राख ओल्या हाताला लागली तर साल निघतीय बघा,
भांडी मात्र आरशागत.
अल्कली! मी दोन किलो मागून घेतली.
डालड्याचा डबा मांडीवर, केएमटीत.
शेजारच्या बाईनं पदर सावरून घेतला.

रेहानानं ती पाण्यात कालवली, गाळली,
आल्डिहाइड घातलं, मॅलोनोनायट्राइल घातलं,
ढवळत ठेवून डबा खायला गेली.
परत आली तर फ्लास्कच्या तळाशी
खोबऱ्याच्या किसासारखे स्फटिक.
आयोडीनच्या बरणीत प्लेट: एकच ठिपका,
शेपूट नाही, सावली नाही.
ब्याण्णव टक्के.
ती अशी किंचाळली की बाबूमामा
आग लागली समजून वाळूची बादली घेऊन धावले.

पेपर छापला, लोक संदर्भ देऊ लागले.
बहुतेकांचं वाक्य एकच:
अलीकडे या दिशेनं बरंच काम झालं आहे, चौदा ते सत्तावीस.
त्यात आम्ही एकोणीस.
वऱ्हाडाच्या फोटोत मागच्या रांगेत
कुणाच्या तरी फेट्याआड अर्धा कान दिसावा, तसे.

मग पोलंडमधल्या वूच शहरातून एक.
त्यांनी खरंच करून पाहिलं होतं.
'आमच्या हाती उत्पादन अकरा टक्के.'
त्या दिवशीही आकडा एकानं वाढला.
मोजणाऱ्याला काय,
टाळी नि थप्पड, आवाज तोच.

आई असती तर म्हणाली असती, हातगुण असतो बाई,
कुणाचं लोणचं टिकतं, कुणाचं बुरसतं.
मला तिथं थांबता येईना.
रेहाना तोवर जयसिंगपुरात बारावीचे क्लास घेत होती,
रविवारी आली, लेकराला बाबूमामांकडं देऊन उभी राहिली.
चौगुल्यांची राख: एक्याण्णव.
शाहूपुरीतल्या बेकरीची: चौदा.
नदीपलीकडच्या गुऱ्हाळाची: बारा.
फोन लावला.
भेंडीचा चोथा आम्ही वाळवून चुलवाणातच घालतो की.
तुम्ही कुठं इचारलं?

कुठं विचारलं.
कृती या मथळ्याखाली मी लिहिलं होतं:
राख, स्थानिक.

शुद्धिपत्र दहा ओळींचं, तळाशी सर्जेरावांचे आभार.
त्याला आजवर संदर्भ शून्य.
अर्धवट पेपरला अजून महिन्याला दोन येतात,
नेमानं, वीजबिलासारखे.

वूचला पाव किलो पाठवली.
टपाल कचेरीत कारकुनानं विचारलं, आत काय?
राख.
त्यानं पेन खाली ठेवलं. हळूच म्हणाला, कुणाची?
उसाची, म्हटलं. थोडी भेंडीची.

सहा आठवड्यांनी एका ओळीचं पत्र: एकोणनव्वद टक्के.
सोबत फोटो, कुणाची तरी तीन बोटं,
साल निघालेली.
ते कुठं छापलं नाही, म्हणून कुठं मोजलंही नाही.

रकाना कोराच आहे. उद्या पाचपर्यंत मुदत.

सर्जेरावांना तेव्हाच कळवलं होतं.
बरं झालं, म्हणाले.
आणि गूळ कसला पडला म्हणायचा त्यांचा?