पाणकोळ्याची बैठक

जाकमेल गावात मी लोखंडाचा माणूस.
गेटं, खिडक्यांचे गज, जनरेटरचे पिंजरे.
कागदाशी संबंध पावतीपुरता.

सेलिमेनबाई दुकानात आल्या, म्हणाल्या,
"फेनेलों, स्टँड हवाय. पक्षी आहे."
मी विचारलं, वजन किती?
म्हणाल्या, चल, उचलून बघ.

पाणकोळी अंगणात दोरीला टांगलेला,
शेवटचं वॉर्निश अजून चिकट,
कोंबड्या हाकायला एक पोरगं बसवलेलं.
मी उचलला, आणि
आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा
तसा हात फुकटच वर गेला.

"सिमेंटची पोती," त्या म्हणाल्या.
"भूकंपानंतर सगळे घरं बांधत होते ना, तेव्हाची.
लोक सिमेंट न्यायचे, मी कागद."
त्यावर मॅनिऑकची खळ, नऊ थर,
मग खडू नि सरस, मग पॉलिशपेपर,
ओलं फडकं, पुन्हा पॉलिशपेपर.
किती वेळा?
"बोट अडायचं विसरेपर्यंत."

चोचीखालच्या थैलीत मी टॉर्च मारला.
आत रंग नव्हता.
एका पट्टीवर छापलेलं तसंच होतं:
४२.५ किलो.
अख्खा पक्षी दोन किलोचाही नसेल.

हलकं उभं करणं हेच जड काम.
जड वस्तू आपली आपण बसते,
हलक्याला वारा येता-जाता विचारत राहतो.
ट्रकचा जुना ब्रेकड्रम आणला, गंज घासला,
त्यात सळई, सळईवर चकती,
चकतीवर बापाच्या टोपीतलं नमद्याचं वर्तुळ.
ओळंबा सोडला. चोच डावीकडे ओढत होती.
सळई दोन बोटं वाकवली.
पुन्हा ओळंबा.
पुन्हा.

जुन्या जकातघरात, वरच्या मजल्यावर
नगरपालिकेचा माणूस म्हणाला, तोंड दाराकडे.
बाई म्हणाल्या, खिडकीकडे.
त्याने सही-शिक्क्याचा कागद दाखवला,
त्यांनी समुद्र.
खिडकीकडे ठरलं.

मी सळईवर उतरवणार, तर म्हणाल्या, थांब.

ती पोकळी डोक्यासाठी होती.
चाळीस वर्षं त्यांनी केलेलं सगळं
कुणाच्या तरी खांद्यांवर बसलं,
नाचलं, घामानं मऊ पडलं,
आणि सण सरला की गटारात नाहीतर चुलीत.
हे पहिलंच, जे नाचणार नव्हतं.

त्यांनी पाणकोळी आपल्या डोक्यावर घेतला.
गळ्यातल्या दोन भोकांतून बघत राहिल्या.
आतून खोकला आला, मग आवाज:
"वास जायला हवा होता अजून."
एक पाऊल. दुसरं. फरशीवर चपलेची फटफट.
नगरपालिकेचा माणूस घड्याळ बघत होता.
मग काढला, केस सारखे केले.
"बसव."

बसवला.
चकती, वायसर, नट.
पाना माझ्या खिशातच होता.
नट मी बोटांनीच आवळला.

कार्निव्हलला अजून पाच आठवडे आहेत.