शून्याचं टोक

टेपचं शून्याचं टोक तातू आंबेरकरांच्या हातात,
दुसरं माझ्या.
मधे एक स्टेशन.

पाडायच्या आधी मोजून घ्या, असं पत्र आलं होतं
बंदराच्या ऑफिसातून, तीन सह्यांचं.
मोजायचं, काढायचं, गुंडाळी करून कपाटात ठेवायचं.
मग पाडायचं.

माझगावच्या पुढे, दारूखान्याच्या अलीकडे,
जिथे भंगारात निघालेल्या बोटींचा गंज
वाऱ्यावर येऊन जिभेला लागतो,
तिथे हे उभं: सहा कमानी, एक फलाट,
आणि नाव खरवडलेली पाटी.
प्रवाशांसाठी म्हणून बांधलं, पण
प्रवासी चारच वर्षं आले.
मग कापूस आला, मग कोळसा, मग गव्हाची पोती,
शेवटी कबुतरं.

तातू इथे एकतीस वर्षं सांधेवाला होते.
"उत्तर बाजू लिहा," म्हणतात,
आणि मी लिहिते: कुर्ल्याचा काळा दगड,
चुन्यात बसवलेला, सांधे अजून घट्ट.
सांधे म्हटल्यावर ते हसतात.

दक्षिणेची भिंत वेगळी. विटा लालसर, घाईच्या.
गोदीत स्फोट झाला त्या दिवशी
ही बाजू आडवी झाली.
तातूंचे वडील तेव्हा फलाटावर.
"आवाज नंतर आला, म्हणायचे. आधी भिंत गेली."
मी लिहिते: दुरुस्ती, १९४४ नंतर.
नकाशात एवढंच मावतं.

खांब ओतीव लोखंडाचे. बुंध्याशी
विलायती कारखान्याचं नाव, रंगाच्या नऊ थरांखाली.
मी ब्लेडने खरवडून मोजले:
हिरवा, करडा, हिरवा, पिवळट, पुन्हा हिरवा.
प्रत्येक साहेबाला वाटलेलं, आधीच्याचा रंग चुकला.
खांब आतून पोकळ. कौलांवरचं पाणी
त्यांच्या पोटातून खाली उतरायचं.
तातू एकाला कान लावतात. "कोरडा," म्हणतात,
डॉक्टरसारखे.

कौलं मंगळुरी, पाठीवर छाप.
जर्मन पाद्र्यांच्या कारखान्यातली असतील, मी म्हटलं.
"असतील," तातू म्हणाले,
"गळायची मात्र आपल्यासारखीच."

दुपारी हिशेब चुकला.
बाहेरून बावीस मीटर चाळीस.
आतून, खोल्या आणि भिंती सगळं मिळवून,
एकोणीस पंच्याऐंशी.
पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.
अडीच मीटर स्टेशन कुठे गेलं?

तातू बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग तिकीटघराच्या मागच्या भिंतीवर
बोटाच्या पेराने ठोकत गेले,
नारळ पारखावा तसे.
एका जागी आवाज बदलला.

"दिवेखोली," म्हणाले.
"सिग्नलचे दिवे इथे पुसायचे, रॉकेल भरायचे.
वीज आली तेव्हा दार बुजवलं.
बाळकोबा म्हणून दिवेवाला होता,
त्याला कुणी सांगितलंच नाही.
सकाळी कामावर आला, तर दाराच्या जागी भिंत.
ओली.
हातात चिंध्या घेऊन उभा राहिला नुसता."

मग?

"मग त्याला पार्सलला लावला."

मी कागदावर ती खोली काढली,
पाहिलेली नाही म्हणून तुटक रेषांनी.
आमच्यात तशी रीत आहे.
आत काय असेल, विचारलं.
फळ्या असतील, एखादं नरसाळं, काजळी.
"आणि त्याचा डबा," तातू म्हणाले.
"डबा आतच राहिला, असं तो मरेपर्यंत सांगायचा.
पितळेचा. आईने दिलेला."
मी पेन्सिल उचलली, पुन्हा ठेवली.
डब्यासाठी खूण नाही आमच्याकडे.

निघताना तातूंनी शून्याचं टोक सोडलं.
पत्र्याची पट्टी सळसळत आली
आणि माझ्या बोटाला चावली.
फाटकाबाहेर पडल्यावर ते थबकले, खिसे चाचपले,
परत वळले.

तिकीटघराची कडी लावायची राहिली होती.