मनगटाचा फोटो

मला रग्बी येत नाही.
मी कागद सांभाळते.
सव्वीस पोरी, सव्वीस फायली
आणि एक पंखा, जो फक्त फायली उडवतो.

शिरपूरच्या बंद जिनिंगमागचं हे मैदान.
मेमध्ये काळी जमीन अशी तडकते
की भेगेत अख्खा घोटा जाईल.
पहाटे चारला दगा टेम्पोतून तापीची वाळू आणतो,
तिर्की मॅडम गुडघ्यांवर बसून
एकेक भेग बुजवतात,
मग फक्कीच्या रेषा.
नऊला वारा सुटतो. रेषा जातात.
तोवर त्या पोरींना पाठ झालेल्या असतात.

पाडायला पोती आहेत, सरकी भरलेली.
कुठल्या पोत्यात सरकी कमी,
ते म्हणे खांद्यालाच कळतं.
ओडिशाची सुकांती पोत्याशी तिच्या भाषेत भांडते.
झुमुर भाताची वाट बघते.
सुपडाबाई कळण्याची भाकरी वाढता वाढता म्हणते,
"खाय वं माय, खाय. पडशी ते उठशी कशी?"

नियम मला एकच कळला:
चेंडू मागे द्यायचा आणि पुढे पळायचं.
आमच्या ऑफिसात उलटं.
आम्ही फाइल पुढे देतो
आणि तिथंच बसतो.

अठराखालच्या संघाला जन्मतारीख लागते.
सव्वीसांतल्या नऊजणी एक जूनच्या,
शाळेत नाव घालताना
गुरुजींनी एका दमात जन्माला घातलेल्या.
रेमली पावरा त्यातलीच,
धडगावच्या वरच्या पाड्यावरची.
तिची आई टेकडी चढून, रेंज शोधून
फोनवर सांगते:
मोहाची फुलं वेचायला गेले होते.
टोपली अर्धी झाली होती.

कुठलं साल?

ती थांबते.
रेंज गेलेली नाही, तीच थांबलीय.
"त्या साली फुलं खूप होती."

रकान्यात हे मावत नाही.

मग एसटीनं धुळ्याला,
मनगटाचा फोटो काढायला.
मशीनखाली हात ठेवून रेमलीनं विचारलं,
"हसायचं का?"

डॉक्टर अत्तरदेंनी फिल्म खिडकीला लावली.
मागे कोरडी पांझरा, तिच्यात दोन म्हशी.
हाडाच्या टोकाशी एक काळी फट,
केसाएवढी.
"मिटली नाही अजून. वाढतेय पोरगी.
सतराच्या आतली धरा."

मी धरली. सही घेतली, शिक्का घेतला.
येताना फिल्म मांडीवर होती,
खरं तर काम झालं होतं,
तरी शिरपूर येईपर्यंत मी ती फट बघत होते.
आणि शेजारी ही, तोंड उघडं टाकून झोपलेली,
तेच मनगट
माझ्या पिशवीच्या बंदात अडकवून.

काल यादी लागली,
जिनिंगच्या पत्र्यावर, चिकटपट्टीनं.
बाराजणी जाणार.
रेमली तेरावी. राखीव.
कुणाचा गुडघा गेला, घोटा गेला, तर.
ती काही बोलली नाही.
रडली सुकांती, जी पाचवी होती.

रात्री कुणी जेवलं, कुणी नाही.
सुपडाबाईनं उरलेल्या भाकरी
फडक्यात बांधून खिडकीत ठेवल्या.
सकाळी फडकं रिकामं.

आज पहाटे टेम्पोपाशी
एक घमेलं जास्त वाजलं.
कंदिलाच्या उजेडात मॅडमच्या शेजारी
रेमली वाळू ओतत होती.
मूठ भरून, दाबून, तळव्यानं चाचपून,
पुन्हा दाबून.
एक भेग मॅडमच्या नजरेतून सुटली होती,
ती तिनं मागे जाऊन भरली.

राखीव असली तरी फॉर्म लागतोच.
मी तिथंच उकिडवी बसले, पेन काढलं.
ओळखीची खूण?

तिनं गुडघे बघितले,
कोपर वळवून बघितलं,
भुवई चाचपली.

"संध्याकाळी लिहा ना मॅडम," म्हणाली,
"आज टॅकल आहे."