बावीस मिनिटं

मिनीआपोलिसला बर्फ पडायला लागला की
पंखांवर हिरवा द्रव फवारतात.
पाकासारखा दाट असतो,
आणि त्याला मुदत असते.
तक्त्यात बघायचं : उणे सोळा, मध्यम हिमवर्षाव,
बावीस मिनिटं.
तेवढ्यात उडालात तर उडालात,
नाहीतर रांग सोडून मागे, पुन्हा फवारा.
तेविसाव्या मिनिटाला कुणी विचारत नाही
की कॅप्टन, तुमचं म्हणणं काय.

माझ्या तक्रारीला असा तक्ता नाही.

तिचा क्रमांक १९-४०७.
सुटीचा दिवस, पहाटेचे तीन चाळीस,
शेड्युलिंगच्या पोरीने फोन करून मला बिस्मार्कला पाठवलं.
करारातलं कलम तेवीस, पोटकलम ग
तिला ठाऊक नव्हतं. मला होतं.
तरी गेलो. आधी उडा, मग भांडा,
हे युनियननेच शिकवलेलं.
उतरल्यावर त्याच गणवेशात अर्ज भरला.
पैसे म्हणाल तर चार तास अकरा मिनिटांचे.
त्यात आम्ही गॅरेजचं दार बदलणार होतो.
दार नंतर बदललं. तेही आता कुरकुरतं.

पहिली पायरी : कंपनी नाही म्हणाली.
दुसरी पायरी : दोन त्यांचे, दोन आपले, निकाल बरोबरीत.
तिसरी पायरी म्हणजे लवाद,
आणि लवादाचे वर्षाला दिवस अकरा,
रांगेत माणसं चारशे बारा.
मधे एक लवाद निवृत्त झाले,
दुसऱ्यांचं नाव कंपनीने खोडलं, तिसऱ्यांचं आम्ही.
घोंगडं इतकं भिजलं
की आता पिळायलाही कुणी हात लावत नाही.

माझी साक्षीदार, उजव्या सीटवरची ऑकरलंड,
त्या पहाटे मोजे उलटे घालून आली होती, इतकी घाई.
आता ती दुसऱ्या कंपनीत कॅप्टन आहे.
फोनवर म्हणाली, बिस्मार्क? आपण?
मला तर फार्गो आठवतंय.

वर्गणी मात्र वेळेवर.
दर पगारातून एक पूर्णांक नऊ टक्के,
आजवर सात मिनिटंही उशीर नाही.
मी सात मिनिटं उशिरा निघालो
तर कारणाचा आकडा भरावा लागतो.

हे सगळं मी ऑरिन थॉर्सबीला सुनावलं,
ब्लूमिंग्टनच्या ऑफिसात, कॉफीच्या मशीनपाशी, जरा मोठ्यानेच.
त्याच्याही गळ्यात तीच निळी पट्टी, 'एकजूट' लिहिलेली.
माझ्या पट्टीवरची अक्षरं झिजून
नुसतं 'एक' उरलंय.
त्याने ऐकून घेतलं. तोही पायलटच,
सिअ‍ॅटलहून रात्रीचा उडून आलेला, डोळे लाल.
मग खणातून एक फाईल काढून टेबलावर ठेवली.
त्याची स्वतःची. १७-०९२.
आम्ही दोघं हसलो.
हसायला नको होतं. मी चांगला महिनाभर राग
जपून आणला होता.

डिसेंबरात पत्र आलं, तारीख लागल्याचं :
चौदा मार्च, सकाळी नऊ, विमानतळाजवळच्या हॉटेलात.
दोन फेब्रुवारीला मला पासष्ट लागतात.
पासष्टला कायदा सीट काढून घेतो.
त्याला पायऱ्या नाहीत, लवाद नाही,
एक मध्यरात्र पुरते.

आज एकतीस जानेवारी. फवारा मारून झालाय,
काचेवरून हिरवं ओघळतंय,
पुढे रांगेत चार विमानं.
शेजारी सेंट पॉलचा पाओ लोर, अठ्ठावीस वर्षांचा,
घड्याळावर बोट ठेवून मिनिटं मोजतोय.
मधेच म्हणतो, कॅप्टन, परवा मलाही सुटीला बोलावलं.
तक्रार करून काही होतं का?

मला खरं उत्तर माहीत होतं.

म्हटलं, कलम तेवीस, पोटकलम ग. आजच भर.
तारीख लिही, वेळ लिही, कुठे पाठवलं ते नीट लिही,
सोबत कोण होतं,
मोजे कसे होते, तेही.

एकोणीस मिनिटं झाली होती.
टॉवरने आमचं नाव घेतलं.